स्नेहसंमेलनाच्या गठ्ठ्यातला 'आदिवासी ड्रेस'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की कोकणातल्या शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा गावांतून भाड्याच्या वेशभूषेचे गठ्ठे वाड्यावाड्यांवरच्या शाळांत पोहोचतात आणि जानेवारी सरेपर्यंत फिरत राहतात. आम्ही शाळांची नाटके आणि समूहनृत्ये बसवणारे शिक्षक, तसेच त्यांची रंगभूषा-वेशभूषा सांभाळणारे कारागीर आहोत. या गठ्ठ्यांतल्या काही पोषाखांविषयी यंदाचे कार्यक्रम ठरण्यापूर्वीच लिहायला हवे, कारण एकदा पालकांकडून भाडे गोळा झाले की कोणतीही शाळा माघार घेत नाही.

सर्वांत जास्त मागणी असते ती 'आदिवासी ड्रेस'ला. बिबट्याच्या ठिपक्यांचे कापड, सुतळीचा किंवा प्लॅस्टिकच्या गवताचा झगा, डोक्यावर रंगीत पिसांची पट्टी, गळ्यात प्लॅस्टिकच्या हाडांची माळ, हातात भाला. महाराष्ट्रातली कोणतीही आदिवासी जमात हे नेसत नाही, पूर्वीही नेसत नव्हती. आफ्रिकेविषयीची जुनी व्यंगचित्रे, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचे चित्रपट आणि हिंदी पडद्यावरची 'जंगली' नाचगाणी यांची ती सरमिसळ आहे. तरी निवेदक माइकवर सांगतो, 'आता सादर होत आहे आदिवासी नृत्य.' त्याच वेळी त्याच मैदानावर कातकरी मूल बसलेले असते. रायगड जिल्ह्यात आणि उत्तर रत्नागिरीत तर हे हमखास घडते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव. आज यांतली कितीतरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. जे मूल कसेबसे संमेलनापर्यंत टिकले, त्याला व्यासपीठावर स्वतःच्या जमातीच्या नावाने 'हुर्र हुर्र' करणारी, उड्या मारणारी मुले दिसतात आणि सगळे मैदान हसताना दिसते. त्या मुलाला त्या क्षणी काय शिकवले जाते, याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

दुसऱ्याचा वेश घालण्यात चूक काय, असे प्रामाणिकपणे विचारणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी मासळीच्या पाटीचे उदाहरण पुरेसे आहे. व्यासपीठावर डोक्यावर पाटी घेऊन नाचणाऱ्या मुलीला टाळ्या मिळतात. तीच पाटी घेऊन पहाटेच्या गाडीत चढणाऱ्या बाईला लोक नाकाला रुमाल लावून मागे सरकायला सांगतात. तिच्या मुलीला वर्गात 'वास येतो' म्हणून शेजारी बसू देत नाहीत. नाचणारी मुलगी तासाभराने वेश उतरवते आणि तिच्यापुरता विषय संपतो. जिला तो उतरवता येत नाही, तिच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत. वेश चढवण्याची आणि नको तेव्हा उतरवण्याची ही मोकळीक म्हणजेच विशेषाधिकार. तो ज्याच्याकडे असतो त्याला सहसा दिसत नाही, कारण त्याला त्याची किंमत कधी मोजावी लागलेली नसते.

कोळीनृत्य बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ते नीट करा, एवढेच म्हणणे आहे. पहिली गफलत नावात होते. अलिबाग, उरण, मुरूड, श्रीवर्धनचा सोनकोळी वेगळा. पालघरचा मांगेला आणि वैती वेगळा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गातले रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे गाबीत वेगळे. महादेव कोळी तर सह्याद्रीच्या रांगांतली अनुसूचित जमात, समुद्राच्या मासेमारीशी त्यांचा संबंध नाही. मालवणच्या शाळेत गाबितांच्या मुलांना सोनकोळ्यांचा वेश चढवून 'आपली परंपरा' म्हणून नाचवले जाते, तेव्हा त्या मुलांच्या आजीला विचारायचे कुणाला सुचलेले नसते.

दुसरी गफलत लुगड्याची. शिवलेला, झगमगत्या साटीनचा, मांडीपर्यंतचा 'कोळी ड्रेस' भाड्याने मिळतो. कोळणीचे लुगडे गुडघ्याशी येते, कारण चिखलातून, पाण्यातून चालत होडीवरची मासळी उतरवायची असते. काष्टा घट्ट असतो तोही वाकून काम करता यावे म्हणून. तो कामाचा वेश आहे. तो वर वर सरकवून, कंबर हलवायला लावून दहा-बारा वर्षांच्या मुलींना उभे करणे हे त्या बाईवरही अन्याय करते आणि त्या मुलींवरही. पूर्ण नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. दहा वर्षांच्या मुलीला पाच ते साडेपाच मीटर सुती कापड पुरते. ते प्रत्यक्ष नेसवावे, निऱ्या नाडीत पक्क्या खोचाव्यात, काष्ट्याला आतून दोन टाके घालावेत, म्हणजे नाचताना सुटत नाही. शिवलेल्या वेशात कंबर सैल पडते, मग सेफ्टी पिना लावल्या जातात आणि पहिल्याच गिरकीत कापड फाटते. खांद्यावर फडकी हवी. ती भाड्याच्या गठ्ठ्यात जवळजवळ कधीच नसते. मुलग्यांच्या सुरक्याला, म्हणजे कोळ्यांच्या कमरेच्या वस्त्राला, चौकटीचे मीटरभर चौरस कापड पुरते. त्याची त्रिकोणी घडी घालून गाठ मारावी आणि आत साधी चड्डी असावी. नेसवायला गावातलीच एखादी जाणती बाई बोलवावी, तिला प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, कार्यक्रमात तिचे नाव घ्यावे. आणि नृत्यातली कोळीण सतत भांडणारी, ओरडणारी दाखवणे थांबवावे. लिलावाची बोली, उधारी-वसुली, घराचा हिशेब हे सगळे ती सांभाळते. हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव मुलांना एकदा दाखवला तरी नृत्याची रचना आपोआप बदलेल.

आता काळ्या रंगाविषयी. कोकणात ही गोष्ट दोन वाटांनी येते. एक, 'आफ्रिकन डान्स'. काळे घट्ट बनियन, काळे मोजे, तोंडाला काजळी, ओठांभोवती रुंद पांढरी किंवा लाल कड. ती कड कोकणात कुणी शोधून काढलेली नाही. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट जाळलेल्या बुचाची पूड तोंडाला फासून 'जिम क्रो' या नावाने गुलाम काळ्या माणसाची नक्कल करू लागला. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये अशा नटांचा पूर्ण खेळ रंगमंचावर आला आणि पुढची कित्येक दशके तो तिथला सर्वांत लोकप्रिय करमणुकीचा प्रकार होता. काळा माणूस आळशी, भित्रा, सतत दात काढून हसणारा, ही प्रतिमा त्याने घराघरांत नेली. पुढे काळ्या लोकांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ देणाऱ्या कायद्यांना लोक 'जिम क्रो कायदे' म्हणू लागले, ते याच नकलेच्या नावावरून. दापोलीच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते, त्याच्या शिक्षकालाही नसते. व्यंगचित्रांतून, खेळण्यांतून, व्हिडिओतून ती कड इथवर आली आणि आपण ती जशीच्या तशी गिरवली. माहीत नव्हते हे खरे. कळल्यानंतरही गिरवत राहिलो तर ते कारण चालणार नाही.

दुसरी वाट आपल्या घरची आहे: शिवकालीन नाटकातला सिद्दी. जंजिऱ्याचा सिद्दी किंवा पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर उभा करायचा म्हटले की मुलाला काळे फासतात, डोळे लाल करतात, जाडजूड आवाज काढायला लावतात. सिद्दी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः ॲबिसिनियातून (आजच्या इथिओपियातून) आलेले लोक. 'हबशी' हा शब्दही त्या प्रदेशाच्या 'हबश' या अरबी नावावरून आला. गुलाम म्हणून विकले गेलेले त्यांतले काही जण दख्खनच्या दरबारांत सेनापती आणि वजीर झाले. निजामशाही सावरणारा मलिक अंबर, ज्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि जो १६२६ मध्ये वारला, तो हबशीच होता. सिद्दींचे जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मुरूडजवळ खोकरीला त्यांच्या कबरींच्या इमारती उभ्या आहेत. शेजारच्या कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांत सिद्दी गावे आहेत. हे लोक इतिहासात संपलेले नाहीत. आणि मराठीत 'हबशी' ही आजही शिवी आहे, कुरळ्या केसांच्या, काळ्या मुलाला ती शाळेतच पहिल्यांदा ऐकू येते. शिवाय रंगाचा उपयोग कसा होतो ते पाहा. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहर शत्रू होता, तर सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढला. जौहरला काजळी फासतात, हिलालला नाटकातूनच वगळतात. म्हणजे तो रंग वंशाचा राहत नाही, दुष्टपणाची खूण होतो. शूर्पणखा आणि हिडिंबा यांनाही हाच रंग मिळतो, सीतेला मात्र गुलाबी छटेची पावडर.

रंगभूषाकार म्हणून आम्ही ठामपणे सांगतो की सिद्दी दाखवायला काळ्या रंगाची अजिबात गरज नसते. मुलाचा तळरंग त्याच्या स्वतःच्या जबड्याजवळच्या कातडीशी जुळवावा. दिव्यांत चेहरा फिका पडू नये एवढेच तळरंगाचे काम. भूमिका पोषाखातून उभी करावी. सतराव्या शतकातल्या लघुचित्रांत मलिक अंबर पांढऱ्या जाम्यात (लांब, बंदांच्या अंगरख्यात) दिसतो, कमरेला पटका, हाताशी तलवार. बारा वर्षांच्या मुलाच्या जाम्याला साधारण चार मीटर पांढरे सुती कापड लागते, पटक्याला अडीच मीटर. जाम्याचे बंद मुसलमान सरदाराच्या बाबतीत उजव्या काखेखाली बांधावेत. हिंदू सरदाराचे डाव्या बाजूला, असा त्या काळचा प्रघात होता. एवढ्या एका तपशिलाने प्रेक्षकाला जे कळते ते डबाभर काजळीने कळत नाही. दाढीसाठी लहान मुलांना डिंकाने केस चिकटवू नयेत, पेन्सिलने रेघा काढाव्यात.

काजळीचे शारीरिक नुकसानही सांगायला हवे. खोबरेल तेलात कालवलेली काजळी घामाबरोबर डोळ्यांत उतरते. बुटाचे पॉलिश फासण्याचे प्रकार होतात, त्यातली द्रावके लहान मुलांच्या कातडीला घातक असतात. सुरम्यात बऱ्याचदा शिसे असते, तो डोळ्यांजवळ नकोच. हे रंग उतरवताना खरवडावे लागते, गाल सोलवटतात आणि कानामागे, केसांच्या कडेला काळेपणा दोन दिवस राहतो. कोणताही नवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर वापरू नये.

'रेड इंडियन' हा फॅन्सी ड्रेसमधला आणखी एक ठरलेला प्रकार. गरुडाच्या पिसांचा तो मोठा शिरपेच लकोटा, शायान अशा अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या काही राष्ट्रांचा. एकेक पीस पराक्रमासाठी किंवा समाजाच्या सेवेसाठी मिळते, मान असलेल्या माणसानेच तो घालायचा. आपल्याकडे सैन्यातले पदक भाड्याने घेऊन छातीवर लावले तर जे वाटेल, तेच त्यांना वाटते. २०११ साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'आम्ही एक संस्कृती आहोत, पोषाख नव्हे' अशा आशयाची भित्तिपत्रके काढली, तेव्हा हा विषय जगभर गेला. इथे त्या लोकांपैकी कुणी प्रेक्षकांत बसलेले नसते, हे खरे. पण मुलाच्या मनात 'ओरडणारा, पिसेवाला माणूस' म्हणून एक जिवंत समाज कायमचा बसतो.

जे प्रेक्षकांत बसलेले असतात त्यांच्याकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबाबागांची राखण आणि मासेमारी बोटींवरची खलाशीगिरी यांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात, मराठी कविता पाठ म्हणतात. त्याच शाळांत 'गुरखा' म्हणून टोपी, काठी, शिट्टी आणि 'शाबजी' असा तोडका उच्चार यांवर हशा पिकवला जातो. आणि प्रजासत्ताक दिनाच्या नाटुकल्यात दहशतवाद्याला जाळीची टोपी आणि दाढी ठरलेली. कोकणी मुसलमानांची वस्ती या किनाऱ्यावर शतकानुशतके आहे. तीच टोपी घालून मुलाचे आजोबा पहिल्या रांगेत बसलेले असतात. दहशतवादी दाखवायचाच असेल तर काळा रुमाल तोंडाला बांधा, टोपी काढून ठेवा. एवढा बदल दोन मिनिटांत होतो.

रंगाच्या बाबतीत आपल्याला काय दिसत नाही, याचा एक सोपा पडताळा आहे. कोणत्याही कापडाच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात 'स्किन कलर' मागा. जे मोजे, जी पट्टी, जी पावडर पुढे येते ती फिकट गुलाबी-पिवळसर असते. भात लावणाऱ्या, बोट हाकणाऱ्या, म्हणजे कोकणातल्या बहुसंख्य माणसांच्या कातडीचा तो रंग नाही. पेगी मॅकिंटॉश या अमेरिकन अभ्यासक महिलेने १९८८ मध्ये गोऱ्या असण्याचे रोजचे फायदे एकेक करून लिहून काढले, त्यांत 'अंगाच्या रंगाची' मलमपट्टी आपल्या कातडीशी जुळते, हाही एक होता. क्रेयॉन बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने १९६२ साली 'फ्लेश' या रंगाचे नाव बदलून 'पीच' केले. आपल्याकडच्या प्रसिद्ध गोरेपणाच्या मलमाच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला. लग्नाच्या जाहिरातींतली 'गोरी' अजून तिथेच आहे. संमेलनात परी, राजकन्या, भारतमाता कोण होते आणि झाड, राक्षस, मोलकरीण कोण होते, ही यादी शिक्षकांनी गेल्या तीन वर्षांची काढून पाहावी. आडनावे आणि रंग शेजारी मांडले की बोलायला काही उरत नाही.

शिमग्यात सोंगे नसतात का, दशावतारात राक्षस नसतात का, असे आम्हांला विचारले जाते. काळ्या कपड्यांतला संकासूर कुठल्याही जिवंत समाजाची नक्कल करत नाही, आणि ते सोंग घेणारा त्याच गावाचा, त्याच परंपरेतला असतो. आपण स्वतःही हे भोगलेले आहे. मुंबईतल्या घरांत राबणारा 'रामा गडी', कानात बाळी म्हणून 'बाल्या', ही कोकणी माणसाची टिंगल कोकणाबाहेरच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे चालली. त्या हसण्याने काय होते हे कोकणी माणसाला शिकवावे लागू नये.

करायचे कसे, ते सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या शाळेला तारपा नृत्य हवे असेल तर कार्यक्रमपत्रिकेत 'आदिवासी नृत्य' न लिहिता 'वारली तारपा नृत्य' लिहावे. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण यांपासून बनणारा तारपा वाजवणारा माणूस गावातच असतो. ध्वनिमुद्रण वाजवण्याऐवजी त्याला बोलवावे. नाचणारे त्याच्या मागोमाग साखळीने वळतात, तारप्याकडे पाठ करत नाहीत. शाळांत हमखास चूक होते ती इथे: मुलांचे तोंड प्रेक्षकांकडे राहावे म्हणून साखळी मोडून रांगा केल्या जातात आणि तारपेवाला कोपऱ्यात उभा राहतो. त्याला मध्ये ठेवा. कपड्यांवर वारली चित्रे छापताना लग्नचौकातली पालघट देवी काठासाठी वापरू नका, ती सवाशिणींनी लग्नात तांदळाच्या पिठाने काढायची असते. सिंधुदुर्गात तर पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, ठाकर समाजाने जपलेल्या. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गवताचे झगे भाड्याने आणण्याच्या खर्चात तिथल्या कलावंताला एक दिवस शाळेत बोलावता येईल.

वेळापत्रक मात्र पाळावे लागेल. कार्यक्रम ठरवण्याच्या बैठकीला त्या समाजातले पालक हवेत, रंगीत तालमीला बोलावून उपयोग नाही. तोवर गाणे, पोषाख, विनोद सगळे पक्के झालेले असते आणि नाराजी दाखवणारा माणूस विघ्नसंतोषी ठरतो. एकट्या पालकाला सर्वांसमोर 'तुम्हांला चालेल ना?' असे विचारू नये. मिंधेपणाने तो हो म्हणतो. दोघा-तिघांना त्यांच्या घरी जाऊन विचारावे आणि 'नको' म्हणाले तर कार्यक्रम बदलावा. त्या समाजाच्या मुलांना 'तूच कर, तुला येतेच' म्हणून ओढूही नये. त्यांना परी व्हायचे असेल तर परी होऊ द्यावे.

वेशभूषा भाड्याने देणाऱ्या बंधूंना विनंती आहे की गठ्ठ्यांवरची 'आदिवासी', 'आफ्रिकन', 'रेड इंडियन' ही नावे यंदाच खोडावीत. माल वाया जाणार नाही. गवताचे झगे उकलून बांबूच्या चौकटीवर बांधले की भाताच्या पेंढ्यांचा, कुडाचा देखावा होतो. काळे बनियन आणि मोजे बाहुलीनाट्यात बाहुल्या हलवणाऱ्यांना लागतात. पिसे सुटी करून धुऊन वाळवली तर पक्ष्यांच्या नाटकाला उपयोगी पडतात. बिबट्याच्या ठिपक्यांचे कापड बिबट्यालाच घालावे.

आपले,
शालेय नाट्य, नृत्य आणि वेशभूषेचे काम करणारे काही शिक्षक व रंगभूषाकार,
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग